सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण सांभाळावं लागतं : डॉकरमधल्या वेबसाइटला एचटीटीपीएस कसं लावायचं?



मागच्या भागात आपण भाड्याच्या सर्व्हरवर डॉकर टाकून आपली वेबसाइट सुरू केली. साइट उघडते, मालाचे फोटो दिसतात, ऑर्डरचा फॉर्मही चालतो. पण पत्त्याच्या पट्टीत डाव्या बाजूला एक पाटी दिसते, ‘नॉट सिक्युअर’. क्रोम ब्राउझरने जुलै २०१८ पासून साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या प्रत्येक साइटला ही पाटी लावायला सुरुवात केली. तुमचा माल कितीही चांगला असो, नवीन गिऱ्हाईक ती पाटी वाचतं आणि मोबाइल नंबर टाकायच्या आधी मागे फिरतं. आज ती पाटी काढायची आहे.

कमांड व्हिडिओत स्क्रीनवर दाखवल्या आहेत, व्हिडिओ थांबवून लिहून घ्या. इथे मी क्रम आणि कारणं सांगतोय. कारण कमांड कुठेही मिळतात, पण त्या का द्यायच्या हे माहीत नसलं की तीन महिन्यांनी फसगत होते. माझी झालेली आहे. आधी तीच सांगतो.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीचा फोन

एका ताईंची फराळाची साइट मी लावून दिली होती. त्यांचा मोठा धंदा परदेशी पार्सलचा. मुलगा, सून, नातवंडं बाहेर असलेली माणसं दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी ऑर्डर देतात, म्हणजे डबा वेळेत पोचतो. साइटचं सर्टिफिकेट मी आषाढी झाल्यावर घेतलं होतं. ते ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी आपोआप नवीन घ्यायची सोय मी करून ठेवली होती. सगळं नीट चाललं होतं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. “सर, साइट उघडतच नाहीये. लाल काहीतरी येतंय. लोक विचारतायत, साइट हॅक झाली का?”

मी सर्व्हरवर जाऊन सर्टिफिकेटची फाइल बघितली. अनंत चतुर्दशीच्या सुमारास नवीन सर्टिफिकेट आलेलं होतं. मुदत संपायला अजून दोन महिने बाकी होते. मी ताईंना छातीठोकपणे सांगितलं, “सर्टिफिकेट ठीक आहे, तुमच्या मोबाइलची तारीख बघा.” त्यांनी तारीख बघितली, बरोबर होती. मग डोमेन तपासलं, फायरवॉल तपासला, अर्धा दिवस गेला.

चूक भलतीकडेच होती. नवीन फाइल डिस्कवर येऊन पडली होती, पण एन्जिनएक्स हा आपला वेब सर्व्हर सुरू होताना एकदाच सर्टिफिकेट वाचतो आणि तेच स्मरणात ठेवतो. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की नवीन आलंय. तो बिचारा आषाढीचं सर्टिफिकेट प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत बसला आणि कोजागरीला त्याची मुदत संपली. उपाय एका ओळीचा होता, एन्जिनएक्सला रीलोड करा. एका सेकंदात साइट सुरू झाली.

ताई मला काही बोलल्या नाहीत. पण ज्यांनी त्या सकाळी लाल पाटी बघून दुसरीकडे ऑर्डर दिली, ते त्या वर्षी परत आले नाहीत. त्या वर्षीचे देखभालीचे पैसे मी ताईंकडून घेतले नाहीत.

म्हणून आजच्या धड्याचं सूत्र लिहून घ्या. सर्टिफिकेट मिळवणं दहा मिनिटांचं काम आहे. ते योग्य जागी ठेवणं आणि नवीन आल्यावर सर्व्हरला कळवणं, हे खरं काम.

सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय?

बाजारात काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो ना? तो शिक्का सांगतो की या काट्याची तपासणी झाली आहे. ठरावीक मुदतीने तो पुन्हा मारून घ्यावा लागतो. दुकानदार चांगला की वाईट, माल ताजा की शिळा, हे तो शिक्का सांगत नाही.

वेबसाइटचं सर्टिफिकेटही तसंच. ते दोन गोष्टी करतं. पहिली, गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत जाणारी माहिती कुलूपबंद होते. मधे कोणाचं वायफाय असो, नाव, पत्ता, फोन नंबर कोणाला वाचता येत नाही आणि वाटेत बदलताही येत नाही. दुसरी, गिऱ्हाईक ज्या डोमेनवर आलंय, त्याच डोमेनचा सर्व्हर समोर आहे याची खात्री पटते.

पण धंदा प्रामाणिक आहे, याची खात्री सर्टिफिकेट देत नाही. फसवणूक करणाऱ्या साइटलाही ते मिळतं. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलुपाचं चिन्ह काढून टाकलं, त्यामागे हेच कारण होतं. लोक कुलूप म्हणजे ‘विश्वासू दुकान’ असं समजत होते. तेव्हा साइटवर तुमचा पत्ता, फोन, परवाना क्रमांक, परतीचे नियम हे सगळं लिहायचंच.

पैसे द्यावे लागतात का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर : सर्टिफिकेटचे नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा ते फुकट देते. अमेरिकेतली ‘इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप’ नावाची ना-नफा संस्था ती चालवते. डिसेंबर २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि आज जगभरातल्या कोट्यवधी साइट तिचं सर्टिफिकेट वापरतात.

कोणी तुम्हाला ‘एसएसएलचे वर्षाला इतके हजार’ असं सांगितलं तर विचारा, हे पैसे सर्टिफिकेटचे की तुमच्या कामाचे? लावून देण्याचे आणि लक्ष ठेवण्याचे असतील तर ते योग्य आहेत, माणसाच्या वेळेला किंमत असते. पण फुकटची वस्तू विकून वर लक्षही ठेवायचं नाही, असं असेल तर दुसरा माणूस शोधा.

कंटेनर म्हणजे प्रदर्शनातला स्टॉल

आता डॉकरकडे येऊ. कंटेनर म्हणजे काय, हे मागच्या भागात सांगितलं होतं, पण आज त्याची एक बाजू नीट लक्षात घ्या.

तुम्ही प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घेता. टेबल, कापड, बॅनर लावता. रविवारी रात्री मांडववाला येतो आणि सगळं उतरवतो. भिंतीला टाचणीने लावलेला कागद तुम्ही काढून घेतला नसेल तर तो मांडवाबरोबर गेला. पुढच्या प्रदर्शनात स्टॉल पुन्हा उभा राहतो, अगदी तसाच दिसतो, पण तो नवीन असतो.

कंटेनर तसाच असतो. वेबसाइटमध्ये बदल केला, इमेज नव्याने बनवली, की जुना कंटेनर काढून टाकतात आणि नवीन उभा करतात. जुन्याच्या आत जे काही लिहिलेलं होतं ते त्याच्याबरोबर जातं. म्हणजे सर्टिफिकेट कंटेनरच्या आत ठेवलं, तर पुढच्या बदलाच्या वेळी ते गेलं.

‘मग पुन्हा घेऊ, फुकटच आहे’ असं म्हणू नका. लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा आहे, नावांच्या त्याच संचासाठी ७ दिवसांत ५ सर्टिफिकेट. एका दुपारी साइटचा रंग बदलता बदलता पाच वेळा कंटेनर नवीन केला, तर सहाव्या वेळी नकार येतो. मग थांबण्याशिवाय इलाज नाही, आणि तेवढे दिवस साइटवर धोक्याची पाटी.

म्हणून परवाना स्टॉलवर नाही, घरच्या कपाटात ठेवायचा. डॉकरमध्ये या कपाटाला व्हॉल्यूम म्हणतात. कंटेनर येतात-जातात, व्हॉल्यूम राहतं.

चला, आता पायऱ्या.

पायरी १ : डोमेन आणि दरवाजे

सर्टिफिकेट मागण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, डोमेनचा ‘ए’ रेकॉर्ड तुमच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळलेला आहे ना? मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून साइट उघडा. घरच्या वायफायवर उघडते म्हणजे जगात उघडते असं नाही.

दोन, जुना ‘क्वाड ए’ रेकॉर्ड राहिलाय का? हा नवीन पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यासाठी असतो. आधीच्या होस्टिंगवाल्याचा क्वाड ए तसाच राहिला, तर लेट्स एन्क्रिप्ट आधी त्या जुन्या सर्व्हरकडे जातं आणि तपासणी नापास होते. वापरत नसाल तर काढून टाका.

तीन, सर्व्हरचे ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट उघडे हवेत. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्येही आणि कम्पोज फाइलमध्येही. ‘एचटीटीपीएस तर ४४३ वर चालतं, मग ८० कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. आपण वापरणार आहोत त्या पद्धतीत तपासणी करणारा ८० नंबरच्या दारावरच येतो. ते बंद असेल तर तो परत जातो. फायरवॉलमध्ये ‘फक्त भारतातून’ असा नियम लावला असेल तर तोही काढा, कारण ही तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी होते.

पायरी २ : दोन कंटेनर, दोन कपाटं

आपल्या कम्पोज फाइलमध्ये दोन कंटेनर असतील. पहिला एन्जिनएक्स, हा गिऱ्हाइकाला साइट दाखवतो. दुसरा सर्टबॉट, हा लेट्स एन्क्रिप्टशी बोलून सर्टिफिकेट आणतो. सर्टबॉट हे ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या संस्थेने बनवलेलं फुकट साधन आहे.

दोन व्हॉल्यूम असतील आणि दोन्ही व्हॉल्यूम दोन्ही कंटेनरना जोडलेली असतील.

पहिल्या कपाटात सर्टिफिकेट. सर्टबॉट त्यात लिहितो, एन्जिनएक्स फक्त वाचतो. म्हणून एन्जिनएक्सला ते ‘रीड ओन्ली’ जोडा.

दुसऱ्या कपाटात तपासणीची चिठ्ठी. लेट्स एन्क्रिप्ट सर्टबॉटला एक चिठ्ठी देतं आणि म्हणतं, ही तुझ्या साइटवर अमुक पत्त्यावर ठेव, मी येऊन वाचतो. वाचता आली म्हणजे डोमेन तुझ्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं. चिठ्ठी सर्टबॉट ठेवतो, पण दार उघडतो एन्जिनएक्स. म्हणून हे कपाट दोघांनाही दिसायला हवं.

इथे एक नेहमीची चूक सांगतो. सर्टबॉट ‘लाइव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट दाखवतो. बरेच जण फक्त तो फोल्डर एन्जिनएक्सला जोडतात. पण लाइव्हमध्ये खऱ्या फाइल नसतात, नुसत्या खुणा असतात. खऱ्या फाइल शेजारच्या ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये असतात. म्हणून लेट्स एन्क्रिप्टचा पूर्ण फोल्डर जोडा, तुकडा नाही. नाहीतर फाइल दिसते पण उघडत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो.

पायरी ३ : आधी फक्त ८० सुरू करा

कोंबडी आधी की अंडं आधी, असा एक पेच इथे येतो. एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये तुम्ही लिहिलंत की ४४३ वर अमुक सर्टिफिकेट वापर. ते अजून आलेलंच नाही. फाइल सापडली नाही की एन्जिनएक्स सुरूच होत नाही. तो सुरू नाही म्हणून चिठ्ठी वाचता येत नाही. चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून सर्टिफिकेट येत नाही.

सुटका सोपी आहे. पहिल्यांदा ४४३ चा भाग लिहूच नका. फक्त ८० चा भाग ठेवा आणि त्यात सांगा की ‘ॲक्मी-चॅलेंज’च्या पत्त्यावर कोणी आलं तर चिठ्ठीच्या कपाटात बघ. एवढं ठेवून एन्जिनएक्स सुरू करा.

पायरी ४ : आधी रंगीत तालीम

नाटकाचा पहिला प्रयोग थेट तिकीट लावून करत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टचा एक ‘स्टेजिंग’ सर्व्हर आहे. तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही, पण सगळी प्रक्रिया खरीच होते आणि मर्यादा खूप सैल असतात. सर्टबॉटला ‘ड्राय रन’ हा पर्याय दिला की तो तिकडेच जातो.

खऱ्या सर्व्हरवर एका नावाची तपासणी तासाला ५ वेळा नापास झाली की थांबवतात. घाईघाईत एकच कमांड पुन्हा पुन्हा मारणाऱ्यांची इथे अडचण होते. तालीम पास झाली तरच खरी कमांड द्या, आणि नापास झाली तर आधी संदेश वाचा. बहुतेक वेळा पायरी १ मधलंच काहीतरी निघतं.

पायरी ५ : सर्टिफिकेट घ्या आणि ४४३ सुरू करा

खरी कमांड देताना दोन्ही नावं द्या, नुसतं डोमेन आणि पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेलं. एक विसरलात तर त्या नावाने येणाऱ्या गिऱ्हाइकाला धोक्याची पाटी दिसेल.

दोन फाइल महत्त्वाच्या. ‘फुलचेन’ म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याच्यामागची साखळी. ‘प्रायव्हेट की’ म्हणजे किल्ली. एन्जिनएक्सच्या ४४३ च्या भागात या दोन्ही लिहा. नुसतं ‘सर्ट’ नावाची फाइल दिली तर संगणकावर साइट उघडते आणि काही मोबाइलवर उघडत नाही, असा विचित्र प्रकार होतो. म्हणून फुलचेनच.

टीएलएसच्या १.२ आणि १.३ एवढ्याच आवृत्त्या चालू ठेवा. त्याआधीच्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आहेत. मग ८० वर येणाऱ्या सगळ्यांना ४४३ कडे वळवा, पण चिठ्ठीचा पत्ता तेवढा वगळा. शेवटी सेटिंग तपासायची कमांड द्या, ‘ओके’ आलं की रीलोड.

साइट उघडा. ‘नॉट सिक्युअर’ गेलं? अभिनंदन. पण व्हिडिओ इथे बंद करू नका. ताईंची साइटही इथपर्यंत व्यवस्थित होती.

पायरी ६ : नूतनीकरण आणि हाक

सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम करणाऱ्या गड्याकडे, दोन कामं एकामागोमाग द्या.

पहिलं, सर्टबॉटला सांग : मुदत जवळ आली असेल तर नवीन आण. हे दिवसातून दोनदा विचारलं तरी चालतं, मुदत लांब असेल तर तो काही न करता परत येतो.

दुसरं, एन्जिनएक्सला रीलोड कर. हीच ती हाक, जी मी ताईंच्या साइटवर विसरलो होतो. रीलोड म्हणजे रीस्टार्ट नव्हे. रीलोडमध्ये साइट बंद पडत नाही. आधीची गिऱ्हाइकं जुन्या कामगाराकडे पूर्ण होतात, नवीन गिऱ्हाइकं नवीन सर्टिफिकेट घेतलेल्या कामगाराकडे जातात. म्हणून रोज केलं तरी नुकसान नाही.

सर्टबॉट वेगळ्या कंटेनरमध्ये आहे. तो आतून एन्जिनएक्सला हाक मारू शकत नाही. त्यासाठी काही जण सर्टबॉटला डॉकरचं सॉकेट, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्यांचा जुडगा देऊन टाकतात. तसं करू नका. हाक बाहेरून, क्रॉनमधून मारा.

आणखी एक बारीक गोष्ट. हाताने कमांड दिली तर चालते, क्रॉनमधून चालत नाही, असं झालं तर दोन कारणं बघा. डॉकर कम्पोजची ‘एक्झेक’ कमांड समोर टर्मिनल आहे असं गृहीत धरते, क्रॉनकडे टर्मिनल नसतं. तिथे मोठ्या लिपीतला ‘टी’ हा पर्याय जोडावा लागतो. आणि क्रॉनला तुमचा प्रोजेक्टचा फोल्डर माहीत नसतो, तो पूर्ण पत्त्यासकट लिहून द्या.

पायरी ७ : बाहेरून तारीख बघा

फाइलमधली तारीख बघून मी फसलो. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते महत्त्वाचं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, सर्टिफिकेट उघडा आणि मुदत वाचा. ती तारीख डायरीत लिहा. मुदतीच्या २० दिवस आधी मोबाइलमध्ये आठवण लावा. त्या दिवशी तारीख पुढे गेलेली दिसली तर यंत्रणा चालू आहे. जुनीच दिसली तर अजून २० दिवस हातात आहेत.

‘लेट्स एन्क्रिप्ट ईमेल पाठवेलच की!’ असं जुन्या लेखांत वाचलं असेल. आधी पाठवत असे. ४ जून २०२५ पासून त्यांनी मुदतीची आठवण करून देणारे ईमेल बंद केले. आता आठवण आपली आपणच ठेवायची.

आणि मुदती कमी होत चालल्या आहेत. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, की विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरेल. आधी ३९८ दिवस चालत होती. १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे ‘वर्षातून एकदा पैसे भरून हाताने लावू’ हा मार्ग संपत आलाय. आज नीट बसवलेली यंत्रणाच पुढे उपयोगी पडेल.

कपाटाची काळजी

चार गोष्टी कायम लक्षात ठेवा.

१. डॉकर कम्पोजच्या ‘डाउन’ कमांडने कंटेनर जातात, नावाची व्हॉल्यूम राहतात. पण त्याच कमांडला ‘व्ही’ जोडलात तर व्हॉल्यूमही जातात. जागा साफ करायच्या नादात हा ‘व्ही’ टाइप करू नका.

२. प्रायव्हेट की कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, गिटमध्ये टाकायची नाही, इमेजमध्ये कॉपी करायची नाही. ती कोणाच्या हाती लागली असा संशय आला तर सर्टिफिकेट रद्द करून नवीन घ्या.

३. प्रत्येक सर्टिफिकेटमधली नावं जाहीर नोंदवहीत जातात आणि कोणीही ती शोधू शकतो. नवीन ब्रँड अजून गुपित असेल, तर त्या नावाचं सबडोमेन करून सर्टिफिकेट घेऊ नका.

४. ‘एचएसटीएस’ नावाची सेटिंग ब्राउझरला सांगते, यापुढे ही साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघड. चांगली आहे, पण नूतनीकरण एकदा तरी आपोआप झालेलं बघितल्याशिवाय लावू नका. ती लावल्यावर सर्टिफिकेट संपलं, तर ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायही गिऱ्हाइकाला मिळत नाही.

एवढं सगळं करायचं नसेल तर?

सोपा मार्ग आहे. ‘कॅडी’ नावाचा वेब सर्व्हर सर्टिफिकेट स्वतः घेतो, स्वतः नूतनीकरण करतो आणि नवीन आलेलं स्वतःच वापरायला लागतो. वेगळा सर्टबॉट नको, क्रॉन नको, हाक नको. नवीन, छोटी साइट असेल तर मी आता कॅडीच सुचवतो. पण त्याचाही ‘डेटा’ फोल्डर व्हॉल्यूममध्येच ठेवावा लागतो आणि पायरी १ त्यालाही लागू आहे. परवाना घरच्या कपाटात, हा नियम दुकान कुठलंही असलं तरी सुटत नाही.

मग एन्जिनएक्स का शिकवलं? कारण साइट बनवून देणारे बरेच जण तुम्हाला तेच देतील, आणि मालकाला आपल्या दुकानाची कुलपं कळायला हवीत.

स्वतः करत नसाल तर हे पाच प्रश्न विचारा

तुमच्यापैकी अनेक जण हे काम दुसऱ्याकडून करून घेतील. काही हरकत नाही. पैसे देण्याआधी त्याला एवढं विचारा :

१. सर्टिफिकेट कंटेनरच्या आत आहे की व्हॉल्यूममध्ये?
२. नूतनीकरण आपोआप होतं का, आणि ड्राय रन माझ्यासमोर करून दाखवाल का?
३. नवीन सर्टिफिकेट आल्यावर वेब सर्व्हरला कोण कळवतं?
४. बंद पडलं तर आधी कोणाला कळेल, तुम्हाला की माझ्या गिऱ्हाइकाला?
५. डोमेन आणि सर्व्हरचं खातं माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे ना?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस अडखळला, तर त्याला हा लेख पाठवा. रागावू नका, मीही अडखळलोच होतो.

गृहपाठ

आज एकच काम करा. तुमची साइट असेल तर तिच्या सर्टिफिकेटची मुदत ब्राउझरमधून बघा आणि दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे तुम्ही गॅस सिलिंडरची आणि लाइटबिलाची तारीख लिहिता तिथेच. साइट नसेल तर तुम्ही ज्यांच्याकडून ऑनलाइन माल घेता त्यांची बघून सराव करा.

त्या ताईंची साइट आजही मीच सांभाळतो. दर वर्षी घटस्थापनेच्या दिवशी त्यांचा मेसेज येतो, “सर, तारीख बघितली, पुढची आहे.” मी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच सुरू केलं. फराळाचं भाजणीचं पीठ दळायला टाकण्याआधी त्या आता हे काम उरकतात.

पुढच्या भागात याच सर्व्हरचा बॅकअप कसा घ्यायचा ते बघू. तोपर्यंत कपाट जपा.